अर्थ मिळत नाही

महाविद्यालयात हल्ली दिवसातून चार-पाच वेळा तरी ‘डॅशबोर्ड उघडत नाही’ हे वाक्य कानांवर पडते. प्रवेशप्रक्रिया असो, मूल्यांकनाची माहिती भरणे असो की विद्यार्थ्यांची हजेरी, प्रत्येक ठिकाणी एक डॅशबोर्ड असतो आणि तो नेमका शेवटच्या तारखेला उघडत नाही. हे वाक्य ऐकले की आम्ही दोघे संध्याकाळी घरी एकमेकांना सांगतो आणि हसतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक; सांगलीतच, पण वेगवेगळ्या महाविद्यालयांत. आणि आम्ही दोघांनी एकदा खराखुरा डॅशबोर्ड उघडलेला आहे. नव्हे, तो मुळापासून सोडवून घराच्या सोप्यात आणून ठेवलेला आहे.

शब्दापासून सुरुवात करण्याची आमची खोड जुनी आहे, ती वाचकांनी सहन करावी. डॅशबोर्ड ही मुळात घोडागाडीची फळी. घोड्यांच्या खुरांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढच्या अंगाला ती आडवी लावत. पुढे घोडा गेला, इंजिन आले, फळी राहिली. तिच्यावर काटे आणि दिवे आले, चिखलाशी तिचा संबंध संपला. आता संगणकाच्या पडद्यावर फळीही नाही, नुसते नाव उरले आहे. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून हे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. फरक इतकाच की, आमच्या वाट्याला आलेला डॅशबोर्ड आतून चिखलाने गच्च भरलेला होता. चिखल कृष्णेचा होता आणि साल २०१९ होते.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. हाक मात्र दोघांचीही एकच. ते एस.टी.त वीजतंत्री होते आणि २००६ साली निवृत्त झाले. चालक, वाहक, आगार, थांबा असे शब्द एस.टी.ने मराठीला दिले आणि तेही असे रुजवले की आज ते कुणी घडवले असतील असे वाटतही नाही. परिभाषेच्या समित्यांना असे यश क्वचित लाभते. आप्पा मात्र आयुष्यभर ‘डेपो’च म्हणत राहिले. गाडी त्यांनी २००३ मध्ये एका डॉक्टरांकडून घेतली. मारुती ८००, १९९८ चे मॉडेल, कार्ब्युरेटरचे. या गाडीचे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले तेव्हा वर्तमानपत्रातले ते कात्रण आप्पांनी कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवले. जन्माचा दाखला असतो तसा.

२०१७ पासून आप्पांचा उजवा हात थरथरू लागला. कंपवात. गोळ्यांनी तो काही तास आवरतो, मग पुन्हा सुरू होतो. तरी २०१८ मध्ये गाडीच्या नोंदणीची पाच वर्षे संपली तेव्हा ते स्वतः जाऊन पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून आले. पहाटे, रस्त्यावर माणूस नसताना, ते गाडी घेऊन भाजीबाजारापर्यंत जात आणि परत येत. एकदा डावा मडगार्ड भिंतीला घासून आला. आम्ही काही बोललो नाही. रात्री खोलीत मात्र बोलत असू. गाडी विकायला हवी, त्यांना सांगायला हवे, पुढच्या महिन्यात सांगू, दिवाळीनंतर सांगू. विद्यार्थ्यांसमोर सलग पन्नास मिनिटे बोलू शकणारी आम्ही माणसे हे एक वाक्य दोन वर्षे उच्चारू शकलो नाही.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमचे घर गावभागात, म्हणजे नदीच्या बाजूच्या जुन्या वस्तीत. नदीवर १९२९ चा आयर्विन पूल आहे आणि पावसाळ्यात सगळ्या शहराचे बोलणे त्या पुलापाशी मोजलेल्या फुटांत होते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. भाजीवालीही ‘आज एक्केचाळीस’ एवढेच म्हणते. कशाचे, ते विचारावे लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी चोपन्न फुटांच्या आसपास गेले होते, आणि आमच्या वाड्याच्या उंबऱ्याला लागून ते परतले होते. आप्पांनी ती रेघ खिळ्याने दगडावर कोरून ठेवली होती. गावभागातल्या पुष्कळ घरांत अशी एकेक रेघ होती आणि त्या रेघेवर सगळ्यांची श्रद्धा होती. पाणी त्याहून वर येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेले.

त्या पहिल्या आठवड्यातल्या एका दुपारी आप्पांना आम्ही मिरजेला आत्यांकडे पोचवायची व्यवस्था केली. शेजारच्यांच्या गाडीत बसताना ते म्हणाले, “किल्ली खुंटीला आहे.” एवढेच म्हणाले. मग आम्ही परत आत आलो आणि पुस्तके माडीवर न्यायला सुरुवात केली.

हजार-बाराशे पुस्तके होती. विश्वकोशाचे खंड, मोल्सवर्थच्या कोशाचे जाडजूड पुनर्मुद्रण, नियतकालिकांचे बांधलेले अंक, आमचे एम.ए.चे टाचण, पीएच.डी.ची कागदपत्रे. तीन वाजता सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत. जिना अरुंद, लाकडी. एकाने खालून द्यायचे, दुसरीने वरून घ्यायचे. या चार तासांत गाडी विश्रामबागेत नेऊन ठेवायला वीस मिनिटे लागली असती. गाडी दोघांनाही चालवता येते. किल्ली खुंटीला होती आणि प्रत्येक फेरीला ती खुंटी डोळ्यांसमोरून जात होती. पुस्तकांचा शेवटचा गठ्ठा वर गेला तेव्हा बोळाच्या तोंडाशी पाणी आले होते. आता गाडी निघणार नाही, असे आमच्यापैकी एकजण म्हणाला. दुसरीने रेघेकडे बोट दाखवले. पिशव्या खांद्याला लावून आम्ही पोटरीभर पाण्यातून चालत निघालो आणि विश्रामबागेत एका सहकाऱ्यांच्या घरी जाऊन राहिलो.

तिथे तिसऱ्या की चौथ्या रात्री, पाणी किती फुटांवर गेले हे ऐकल्यावर, अंधारात आमच्यापैकी एकाच्या तोंडून शब्द निघाला, “सुटलो.” कशातून, हे दुसरीला विचारावे लागले नाही. गाडीविषयीचे ते वाक्य आता आम्हाला बोलावे लागणार नव्हते. पुराने ते बोलून टाकले होते. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण त्या रात्री वाटली नव्हती. त्या रात्री आम्हाला झोप लागली.

पाणी उतरल्यावर आम्ही परतलो तेव्हा गाडी होती तिथेच होती. बाहेरून तिच्यावर चिखलाची एक सरळ रेघ उमटली होती, समोरच्या काचेच्या बुडापासून चार बोटे वर. दोन दिवसांनी आप्पा आले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “बॅटरी काढली काय रे?” आम्ही काढली नव्हती. पाण्यातसुद्धा बॅटरीचा प्रवाह चालूच राहतो आणि तांब्याला हिरवी बुरशी चढवत राहतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्यांनी दहाचा पाना आणायला सांगितला. हा पाना कुठे असतो तेही आम्हाला ठाऊक नव्हते.

गाडी का हलवली नाही, हे त्यांनी विचारले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

पहिले आठ-दहा दिवस घर धुण्यात गेले. मग गल्लीतला मिस्त्री येऊन इंजिन पाहून गेला. ऑइल खाली सोडले तर ते दुधाळ चहासारखे निघाले. ते बदलून, प्लग काढून, टाकी धुऊन, ब्रेक उघडून त्याने आठवड्यात यंत्राचे काम मार्गी लावले. पण वायरिंगला हात लावायला तयार होईना. “आप्पा, आतलं काय खरं न्हाई. डॅशबोट खाली घ्यावा लागतोय. आणि आता दिवाळीपतोर मला सवड न्हाई.” ते खरेच होते. शहरातल्या प्रत्येक गॅरेजबाहेर चिखलाच्या रंगाच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. एका गॅरेजने नवे वायरिंग, नवा मीटर आणि मजुरी धरून जो आकडा सांगितला तो गाडी विकून आला असता त्याहून मोठा होता. विमा होता तो तृतीय पक्षाचा, म्हणजे आमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर. नदीने आमचे केले तर नाही. आम्हाला वाटले, आता आप्पाच म्हणतील, जाऊ दे. आप्पा म्हणाले, “आपण काढू.”

‘आपण’ या सर्वनामाचे मराठीतले विविध उपयोग आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. इथे त्याचा अर्थ ‘तुम्ही’ असा होता.

आप्पा सोप्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले, उजवा हात डाव्याने धरून. गाडी ढकलत अंगणात आणली होती. पहिला नियम त्यांनी एखाद्या वर्गशिक्षकाप्रमाणे सांगितला, “काढताना लिहायचं, बसवताना उलटं वाचायचं.” त्यासाठी शंभर पानी वही आली. आम्ही मोबाइलवर छायाचित्रेही घेत होतो, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. फोटोत पुढचे दिसते, मागे काय होते ते दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते पुढे खरे ठरले. स्क्रू ठेवायला त्यांनी इडलीपात्र मागवले. प्रत्येक खळग्यात एका ठिकाणचे स्क्रू, सोबत आकडा घातलेली चिठ्ठी. पुरातून वाचलेल्या थोड्या भांड्यांतले ते एक होते. त्यानंतर त्यात कधी इडली झाली नाही.

आधी पुढच्या दोन्ही सीटा काढल्या, कारण त्याशिवाय आत शिरता येत नाही. मग स्टिअरिंग. हॉर्नची टोपी उचकटली, मधला नट ढिला केला. नट पुरता काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू द्या, असे आप्पांनी बजावले. घट्ट बसलेले चाक दोन्ही हातांनी हिसडून काढायचे असते आणि ते अचानक सुटले तर सरळ तोंडावर येते. नट राहिला म्हणून आमच्यापैकी एकाचे दात राहिले. चाक आणि दांडा यांवर खडूने एक सरळ खूण करून घेतली, म्हणजे परत बसवताना चाक तिरपे बसत नाही. खडूचा एवढा सार्थ उपयोग आमच्या हातून पूर्वी झाला असेल असे वाटत नाही. नंतर दांड्यावरचे आवरण, इंडिकेटरच्या दांडीचे कपलर, मीटरची चौकट. मीटरच्या पाठीमागे वेगदर्शकाची केबल असते. हात वळवून, न पाहता, बोटांनी तिचा चाप दाबायचा आणि ओढायचे. या एका चापाने आमची अख्खी सकाळ घेतली. आप्पा खुर्चीवरून सांगत होते आणि त्यांचा डावा हात हवेत तोच चाप दाबत होता.

मग चोकची केबल, पंख्याची बटणे, सामानाचा कप्पा, फ्यूजची पेटी. त्यानंतर डॅशबोर्डचे बोल्ट : काचेच्या बुडाशी, दोन्ही कडांना, मध्ये खाली. सगळे निघाले, पण फळी हलेना. आप्पांचा दुसरा नियम होता, “निघत नाही म्हणजे कुठंतरी एक पेच राहिलाय. जोर लावायचा न्हाई, पेच शोधायचा.” पेच या शब्दाचे दोन्ही अर्थ एका वाक्यात इतक्या सहज आलेले आम्ही क्वचितच ऐकले होते, त्यामुळे की काय, आमचे लक्ष वाक्याकडे राहिले आणि हातांनी जोर लावला. डाव्या कोपऱ्यात कडकन आवाज झाला. प्लॅस्टिक वीतभर चिरले. राहिलेला बोल्ट त्याच्या बरोबर मागे होता. आप्पा काही बोलले नाहीत. शिक्षकाचे मौन विद्यार्थ्याला काय करते, हे आम्हाला वयाच्या चाळिशीत नव्याने कळले.

(एक गोष्ट इथेच नोंदवतो. आमच्या गाडीत एअरबॅग नव्हती. अलीकडच्या गाड्यांत ती स्टिअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये असते आणि ती चुकून फुटली तर जीवावर बेतते. तेव्हा हे वाचून कुणी घरच्या गाडीला पाना लावू नये.)

दोघांनी दोन टोके धरून डावीकडच्या दारातून फळी बाहेर काढली. बाहेरून चारचौघांसारखी दिसणारी ती वस्तू पाठीमागून अगदी निराळी होती. हवेच्या नळ्यांत मऊ, चाळणीतून गाळल्यासारखा गाळ बसला होता. एक मेलेली गोगलगाय आणि चार आण्याचे एक नाणे निघाले. नाणे बहुधा डॉक्टरांच्या काळातले असावे. आणि गाडीच्या अंगावर, उघड्या पत्र्याशी, वायरींचा मनगटाएवढा जाड गुच्छ चिखलात लोंबत होता. त्यातल्या दहा-बारा वायरींना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली. जखमेवर लावतात ती. पट्टीवर बॉलपेनने लिहिलेले होते. शाई पसरली होती, पण अक्षर ओळखू येत होते : ‘डा. इं.’, ‘हॉर्न’, ‘वायपर’, ‘छताचा दिवा’, आणि एकीवर नुसते ‘विचार’.

आप्पांनी २००९ साली रेडिओ बसवताना हा डॅशबोर्ड एकट्याने उतरवला होता. हे आम्हाला माहीतच नव्हते. त्या वर्षी आम्ही आमच्या प्रबंधांत बुडालेलो होतो. अंगणात काय चालले आहे याकडे आमचे लक्ष असण्याचे कारण नव्हते. ‘विचार’ म्हणजे काय, असे आम्ही विचारले. बराच वेळ आठवून ते म्हणाले, ही वायर कुठं जाते ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून कंपनीच्या माणसाला विचारायचं होतं. “मग विचारलंत?” “न्हाई. राहिलं ते.” आम्हाला वाटले होते तसा तो आशीर्वाद किंवा उपदेश नव्हता, ते आज्ञार्थी क्रियापद होते, स्वतःलाच केलेले.

पुढचे आठ दिवस धुण्याचे. कॉलेजातून आल्यावर चहा घेऊन आम्ही सोप्यात बसत असू. एकेक कपलर सोडवायचा, जुन्या दातांच्या ब्रशने स्वच्छ पाण्यात घासायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा, फवारा मारायचा, आतल्या पितळी जिभा हिरव्या पडल्या असतील तर टोकदार पात्याने खरवडायच्या. एका वेळी एकच कपलर, दोन नाही. गल्लीतली माणसे येऊन पाहून जात. दोन प्राध्यापक वायरी धूत बसलेत, हे त्यांना पुरानंतरच्या दिवसांतले एक मनोरंजन झाले होते. फळीची चीर आप्पांनी पाठीमागून पत्र्याची पट्टी लावून घेतली. भोके पाडायचे त्यांनी आम्हाला दाखवले, पण पट्टीचे माप मात्र डाव्या हाताने स्वतः काढले.

याच दिवसांत एकदा त्यांनी गोष्ट सांगितली. २००५ च्या पुराच्या वेळी डेपोत पाणी शिरायच्या बेतात होते. चालक कमी होते. तेव्हा वर्कशॉपमधला ज्याला ज्याला गिअर टाकता येतो त्याने एकेक गाडी वर काढली. आप्पांनी दोन काढल्या. कार्यालयातली कागदपत्रे मात्र भिजली. साहेब रागावले. “मी म्हटलं, साहेब, कागद वाळतोय. वायरिंग कुजतंय.” सांगून ते हसले. आम्हीही हसलो. पण हातातला ब्रश थांबला तो पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला. त्यांनी ते सहज सांगितले होते की आम्हाला सांगितले होते, हे आम्ही त्या रात्री बराच वेळ एकमेकांशी बोललो. साहित्यकृतीत लेखकाचा हेतू शोधू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो. घरात ते जमत नाही.

मीटर मात्र वाचला नाही. काचेच्या आत गाळ, काटे गंजून जागीच थिजलेले. मिरजेच्या वाटेवरच्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून सातशे रुपयांना त्याच मॉडेलचा दुसरा मीटर आणला. तो त्रेचाळीस हजारांवर होता. आमचा सत्याऐंशी हजारांवर थांबलेला. म्हणजे आता आमची गाडी दुसऱ्याच कुणाचे किलोमीटर दाखवणार होती. दुकानदाराने आकडा जुळवून देण्याची तयारी दाखवली. आप्पांनी नको म्हटले. जुना मीटर त्यांनी पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. “आपलं आपल्यापाशी,” ते म्हणाले. आत्मचरित्राच्या विश्वासार्हतेवर आमच्यापैकी एकीने एक लेख लिहिलेला आहे. त्यात हे वाक्य कुठे घालता येईल याचा तिने विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

वही उलटी वाचत आम्ही फळी परत बसवली. दोन संध्याकाळी लागल्या. इडलीपात्रात एक स्क्रू उरला. तो नेहमी उरतो, असे आप्पांनी सांगितले. बॅटरी जोडली आणि एकेक फ्यूज घालत, प्रत्येक वेळी थांबून, वास घेत, आम्ही शेवटापर्यंत आलो. दिवे लागले. हॉर्न वाजला, थोडा घसा बसल्यासारखा. मग डावा इंडिकेटर टाकला, तर तो मंद लुकलुकू लागला आणि त्याच्या तालावर पेट्रोलचा काटा नाचायला लागला. ब्रेक दाबला की मीटरमधला भलताच दिवा पेटे. आम्ही वही तपासली, छायाचित्रे तपासली. सगळे जागच्या जागी होते. आप्पा डोळे मिटून रिलेची टिकटिक ऐकत होते. मग म्हणाले, “अर्थ मिळत न्हाई.”

वाचकांना सांगायला नको की आम्ही दचकलो. वायरमन लोकांच्या बोलीत अर्थ म्हणजे जमीन. गाडीच्या बाबतीत, तिचा पत्रा. बॅटरीचे एक टोक पत्र्याला जोडलेले असते आणि प्रत्येक दिव्याकडे गेलेला प्रवाह पत्र्यातून घरी परततो. काळ्या वायरी त्यासाठीच असतात. त्या जिथे पत्र्याला पेचाने आवळलेल्या असतात तिथे गंज चढला की परतीची वाट बंद होते, आणि मग प्रवाह दुसऱ्या कुणाच्या वाटेने, दुसऱ्याच दिव्यातून घरी जायला बघतो. म्हणून एक केले की दुसरेच पेटते. सगळे जोडलेले असते, कुठेही तुटलेले नसते, तरी काही धड चालत नाही. आप्पांनी हे तीन वाक्यांत सांगितले. आम्ही नंतर त्याच्यावर बराच वेळ घालवला, तो इथे सांगत नाही.

तो पेच उजवीकडे, पायांच्या वर, फळीच्या आत होता. फोटोत न दिसणारी जागा तीच. तिथे पोचायला एकाला पाय मागच्या सीटवर टाकून, डोके खाली पेडलांशी घालून उताणे पडावे लागले. दुसरीने बाहेरून बॅटरीचा उजेड धरला. आप्पा दाराशी वाकून उभे होते. खालून त्यांचे फक्त हात दिसत होते, एक हलणारा आणि एक त्याला धरणारा. आमच्यापैकी कोण बोलले ते महत्त्वाचे नाही. चेहरा दिसत नव्हता म्हणून बोलता आले.

“आप्पा, त्या दिवशी गाडी काढायला वेळ होता.”

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “उजेड जरा खाली धर. मला दिसत न्हाई.”

आम्ही उजेड खाली धरला. बोल्ट काढला. त्याखालचा पत्रा तपकिरी झाला होता, वायरीच्या टोकाची कडी काळीठिक्कर. पॉलिश पेपरने दोन्ही घासले, पत्रा चकचकीत होईपर्यंत. “आणखी,” आप्पा म्हणत होते, “आणखी घास.” मग बोल्ट आवळला. डावा इंडिकेटर टाकला. काटा हलला नाही.

त्या संध्याकाळी आप्पा चालकाच्या सीटवर बसले, चोक ओढला, किल्ली फिरवली. चौथ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. त्यांनी ती गिअरमध्ये टाकली नाही. पाच मिनिटे तशीच चालू ठेवून ऐकत बसले, मग बंद केली, खाली उतरले आणि किल्ली खुंटीला अडकवण्याऐवजी आमच्या हातात दिली. गाडी विकण्याचा विषय आमच्यात त्यानंतर निघाला नाही. २०२३ मध्ये नोंदणी पुन्हा संपली; आता त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झालेले होते, ते आम्हीच भरून आलो. आप्पा शेजारच्या सीटवर बसतात. डाव्या कोपऱ्यातली चीर त्यांच्या गुडघ्यासमोर येते.

मधल्या काळात, २०२१ च्या जुलैमध्ये, पाणी पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेले. या वेळी आप्पा घरीच होते. पाणी पंचेचाळिसाला टेकल्याचे कळले तेव्हा रात्रीचे दीड वाजले असतील. आम्ही आप्पांना गाडीत बसवले, वह्या-कागद काही न घेता विश्रामबागेत गेलो, सहकाऱ्यांच्या घरासमोर उंचावर गाडी लावली, बॅटरीची तारसुद्धा सोडवली. पाऊस पडतच होता. आप्पा काच खाली करून आमच्याकडे पाहत होते.

“पुस्तकं?” त्यांनी विचारले.